आंबा, पण कोणता? : एका गढूळ डबल आयपीएची चव

बिअरमध्ये आंब्याचा थेंबही नसतो, तरी परीक्षण लिहिणारे बिनदिक्कत लिहितात : आंबा, अननस, पेरू, पॅशनफ्रूट. यादी करून दमले की शेवटी सगळ्यांची मोट एकाच शब्दात बांधतात, ‘ट्रॉपिकल’. हेझी डबल आयपीए हा बिअरचा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतून जगभर पसरला. त्याची निम्मी कीर्ती या एका शब्दावर उभी आहे, आणि माझी तक्रारही त्याच शब्दाबद्दल आहे. जिथे मे महिन्यातही स्वेटर लागतो तिथे बसून ‘आंबा’ लिहिणाऱ्याला आंबा ही एकच वस्तू वाटते. माझं आजोळ राजापूरजवळचं. तिथे कुणी म्हणालं, ‘आंब्याचा वास येतोय’, तर समोरचा लगेच विचारणार, कोणत्या? आढीत घातलेल्या हापूसचा, पाडाला आलेल्या रायवळाचा, की नुकत्या खुडलेल्या कैरीच्या देठाशी ठिबकणाऱ्या चिकाचा? हे तीन वास एकमेकांच्या जवळपासही नाहीत. म्हणून या बिअरचं मोल ठरवायचं तर हाच प्रश्न विचारावा लागेल. आंबा, ठीक आहे. पण कोणता?

आधी थोडी ओळख. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. बिअरला कडूपणा आणि वास देणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं हिच्यात सढळ हाताने घालतात. डबल म्हणजे हॉप्सही जास्त आणि माल्टही जास्त, त्यामुळे अल्कोहोलही जास्त, साधारण ८ टक्क्यांच्या आसपास. हेझी म्हणजे गढूळ. हॉप्स उकळत्या काढ्यात लवकर टाकले की कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो. शेवटी टाकले, किंवा आंबवण चालू असताना थेट टाकीत टाकले, की वास राहतो आणि कडूपणा मर्यादेत राहतो. गढूळ आयपीए ही दुसऱ्या वाटेची बिअर. त्यात ओट्स आणि गहू घातले की ती जिभेवर मऊ लागते. हॉप्सचे घटक आणि धान्यातली प्रथिनं मिळून तिला पन्ह्यासारखा धूसर रंग येतो.

गंमत अशी की ‘ट्रॉपिकल’ हॉप्स उष्ण कटिबंधात नीट पिकतच नाहीत. वेलीला फुलायला उन्हाळ्यातले लांबच लांब दिवस लागतात. सिट्रा आणि मोझॅक हे गाजलेले वाण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात, गॅलक्सी ऑस्ट्रेलियात, नेल्सन सोव्हिन न्यूझीलंडमध्ये. म्हणजे ज्यांच्या परसात आंबा नाही, अशांनी आंब्याच्या आठवणीवर बेतलेली ही बिअर आहे.

या घराण्याची मूळ बिअर कोणती यावर वाद घालता येईल, पण बहुतेक बोटं व्हरमाँटकडे वळतात. जॉन आणि जेन किमिच या जोडप्याने २००३ साली वॉटरबरी या छोट्या गावात ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब काढला. ‘हेडी टॉपर’ ही ८ टक्क्यांची डबल आयपीए तिथली. तिचं यीस्ट ‘कोनन’ नावाने ओळखलं जातं. जॉन किमिच पूर्वी बर्लिंग्टनच्या व्हरमाँट पब अँड ब्रुअरीत काम करायचे, तिथल्या ग्रेग नूनन यांच्याकडून ते आलं. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाचा पूर आला आणि पब पाण्याखाली गेला. त्याच सुमारास गावात दुसरीकडे डबाबंद बिअरचा कारखाना सुरू होत होता, तो वाचला. पब पुन्हा उघडला नाही. पण त्या चांदीच्या रंगाच्या डब्यासाठी लोक राज्यं ओलांडून गाड्या हाकत येऊ लागले. डब्यावर ठसठशीत सूचना आहे की बिअर डब्यातूनच प्यावी. ग्लासात ओतली की वास उडून जातो, असा करणाऱ्याचा दावा.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. स्टो गावातल्या त्यांच्या कारखान्यातून आणलेले दोन डबे, भरल्याला दहा दिवसही न झालेले, मी शेजारी शेजारी चाखले. एक डब्यातून, एक ग्लासातून. लेखकाने कादंबरी कशी वाचावी हे सांगितलं म्हणून समीक्षकाने ऐकायचंच असं नाही.

ग्लासातला रंग पिवळसर, धूसर. आजकालच्या काही बिअरसारखा संत्र्याच्या रसाइतका दाट नाही, पलीकडची खिडकी अंधूक दिसते. नाक जवळ नेल्यावर पहिल्यांदा येते ती राळ, देवळात निखाऱ्यावर टाकतात तीच. मागोमाग पपनसाची साल, आणि तिच्याखाली किंचित कांद्याची पात. आंबा मग येतो, आणि तो आमरसातला नाही. कैरी खुडल्यावर देठातून चीक उडतो आणि बोटाला दोन दिवस एक उग्र, हिरवा, तेलकट वास राहतो, तो हा आंबा. ओठाला लागला तर चुरचुरणारा. कोनन यीस्टचं पीच-जर्दाळूसारखं गोडसर अंग त्याच्याखाली असतं, पण ते पुढे घुसत नाही. घोट घेतल्यावर आधी मऊपणा, मग माल्टचा हलका गोडवा, आणि गोडवा पसरतोय असं वाटेपर्यंत पपनसाच्या पांढऱ्या सालीचा कडूपणा येऊन त्याला आवर घालतो. गिळल्यावर तोंड कोरडं होतं आणि हात आपोआप पुढच्या घोटाकडे जातो.

डब्यातून प्यायल्यावर राळ कमी जाणवली आणि कडूपणा जास्त टोकदार वाटला. किमिच यांचा दावा मला अर्धाच पटला. वास डब्यात टिकतो हे खरं, पण टिकलेला वास नाकापर्यंत पोचायला डब्याचं तोंड लहान पडतं. मी ग्लासाच्या बाजूने.

चिकाचा हा वास माझ्या आजोळच्या आठवणींतून आलाय असं म्हणून झटकता आलं असतं, पण रसायनशास्त्र इथे माझ्या बाजूने उभं आहे. बहुतेक हॉप्सच्या तेलात मायर्सीन या टर्पीनचा वाटा मोठा असतो. आंब्याच्या वासातही टर्पिनांचं राज्य असतं. हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. हापूसमध्ये मायर्सीनचं भावंड ऑसिमीन भरपूर सापडतं, आणि फळ पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरेनोन या गटांतली संयुगं येतात. खोलीत आढी उघडल्यावर जो गोड, सायीसारखा घमघमाट सुटतो त्यात यांचा हात असतो. हॉप्सकडे गंधकाची काही संयुगं, म्हणजे थायोलही असतात. पेरू-पॅशनफ्रूटचा भास त्यांच्यामुळे होतो, आणि प्रमाण वाढलं तर मांजराने घाण केल्यासारखाही वास येतो. जास्त पिकलेला पेरू ज्याने फ्रीजमध्ये ठेवलाय त्याला हे सांगायला नको. माझा तर्क असा की हॉप्सला आंब्याची हिरवी, राळेची बाजू सहज साधते, कारण ती त्यांच्या रक्तातच आहे. पिकलेपण मात्र बहुतांशी यीस्टकडून आणि गोडव्याकडून उसनं आणावं लागतं.

आणि इथेच या प्रकाराची पुढची वाट मला खटकते. हेडी टॉपरनंतर आलेल्या शेकडो बिअर या उसन्या पिकलेपणाच्या मागे लागल्या. २०१८ साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने ‘ज्यूसी किंवा हेझी’ अशी अधिकृत वर्गवारी केली. म्हणजे रसाळपणा हाच गुण ठरला. मग ओट्स वाढले, गोडवा वाढला, कडूपणा जवळजवळ हद्दपार झाला. अशा पुष्कळ बिअर मी प्यायले आहे. पहिला घोट सुंदर असतो. दुसऱ्याला मँगो मस्तानीची आठवण होते. अर्ध्या ग्लासानंतर तोंडाला मिठी बसते. कारल्याला मीठ चोळून, पिळून पिळून सगळं पाणी काढलं की ती भाजी घरात सगळ्यांना आवडते हे खरं. पण मग दुधी काय वाईट होता?

दुसरा दोष नेमका उलट्या टोकाचा. टाकीत हॉप्स इतके लोटायचे आणि इतक्या घाईने डबा भरायचा, की घशात खवखव होते. चिंच न घातलेल्या अळूच्या फतफत्याची जातकुळी. अमेरिकन पिणारे यालाही जोमाचं लक्षण समजतात. ही बिअर नुसतीच कच्ची असते. हॉप्सचे बारीक कण तळाशी बसायला काही दिवस द्यावे लागतात, एवढंच. चिंच नसली तरी धीर चालतो.

तिसरी गोष्ट चवीची आहे आणि चवीपलीकडचीही. ८ टक्के म्हणजे आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर. ती पिणाऱ्याला ती कशासाठी पितोय हे ठाऊक असतं आणि चवही त्याला पदोपदी आठवण करून देते. रसाळ डबल आयपीए ही आठवण पुसून टाकते. ४७३ मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे जवळपास तीन पेग. फळाचा रस समजून तासाभरात दोन डबे रिचवणारा सहा पेग पितोय. कडूपणाचं एक काम पिणाऱ्याला जरा थांबवण्याचंही असतं. हेडी टॉपर ते करते. तिच्या गोड वंशजांनी ते सोडून दिलं, आणि याला मी कारागिरीतली उणीव मानते.

राहिला प्रश्न ताजेपणाचा, आणि इथे नावातला ‘इंडिया’ डोळा मारतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून जॉर्ज हॉजसनची बिअर केपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायची. प्रवास महिनोन् महिन्यांचा. ती खास या सफरीसाठी शोधून काढली ही दंतकथा आहे, तशा हॉप्सभरल्या बिअर आधीपासूनच होत्या. पण पिंपात हेलकावे खात, ऊन सोसत ती मुरायची आणि इथल्या साहेबांना ती आवडायची. जी प्रवासात पिकायची, तिची ही खापरपणती प्रवासात नासते. ऑक्सिजन आणि उष्णता तिला सोसत नाही. काही आठवड्यांत राळ जाते, पपनस जातं, रंग मळकट होतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास उरतो. गेल्या उन्हाळ्यात एका मित्राने पुण्यात मोठ्या प्रेमाने असा एक डबा माझ्यासमोर ठेवला. सुटकेसमधून आलेला, चार महिने कपाटात जपलेला, एका नावाजलेल्या ब्रुअरीचा. साका धरलेला हापूस वरून जसा देखणा असतो, तसा तो डबा होता.

म्हणून पुण्या-मुंबईत, गोव्यात राहणाऱ्या वाचकाला माझा सल्ला असा की अमेरिकेतल्या मावशीकडे डबा मागू नका. पुण्यात २००९ साली डूलली सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात जागेवर बिअर बनवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आहे. हॉप्स बहुतेक परदेशातूनच येतात, पण बिअर टाकीतून ग्लासात यायला समुद्र ओलांडत नाही. तिथे गढूळ आयपीए दिसली तर आधी विचारा, कधी भरली? मग छोटा ग्लास मागवा आणि घाईने ‘ट्रॉपिकल’ म्हणू नका. आपल्याला त्याहून नेमके शब्द आईच्या स्वयंपाकघरातून आणि मामाच्या बागेतून फुकट मिळाले आहेत : राळ, चीक, पपनस, तुरट, उग्र, खवखव, साका. त्यांनी मोजा. बनवणाऱ्यालाही ते ऐकवा. मराठी नाकाचं गिऱ्हाईक समोर असताना त्याने बोस्टनची नक्कल का करावी?

माझा कौल देऊन टाकते. हेडी टॉपर ही गढूळ बिअरमधली सगळ्यांत रसाळ बिअर नाही, सगळ्यांत दाट तर नाहीच. काहींना ती आता जुन्या वळणाचीही वाटते. पण आंब्याच्या झाडाला देठ, चीक, पान आणि साल असते हे तिला माहीत आहे. पुढच्या बहुतेकींना फक्त गर माहीत आहे. दहापैकी गुण द्यायचेच तर मी तिला नऊ देईन. एक गुण कापला तो ग्लास नाकारल्याबद्दल.