पडद्यावरचा आकडा आणि प्रात्यक्षिकाची वही

पदवी वर्गाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत नवी उपकरणे यावीत, मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांनाही ती हाताळायला मिळावीत, याबद्दल दुमत नाही. आमची तक्रार आहे ती उपकरण आणून प्रयोग मात्र घालवण्याबद्दल.

जुना कायमोग्राफ आठवावा. कार्ल लुडविग यांनी १८४७ च्या सुमारास वापरात आणलेल्या या फिरत्या दंडगोलावर, काजळी धरलेल्या कागदावर, बेडकाच्या पोटरीचा स्नायू आपले आकुंचन स्वतःच रेखाटत असे. त्यापायी असंख्य बेडूक मारले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याची भूमिका घेतली, ते योग्यच झाले. पण बेडकाबरोबर आलेखही जाऊ नये.

पल्स ऑक्सिमीटर घ्या. कोविडच्या साथीत, २०२० नंतर, तो खेड्यापाड्यांत पोचला. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, तर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त. बोटातून पार होणाऱ्या या दोन प्रकाशांतील नाडीसरशी होणारा बदल यंत्र तपासते. एवढे सुंदर उपकरण हाती असताना '९८ टक्के, सामान्य' असे लिहून वही मिटायची?

निरोगी विद्यार्थ्याला बसवून, सोसेल तेवढाच, साधारण वीस सेकंद श्वास रोखायला सांगावे. आकडा बहुधा जागचा हलत नाही. मुले म्हणतील, यंत्र बिघडले. इथेच खरा तास सुरू होतो! फुप्फुसातील ऑक्सिजनचा दाब उतरत असतो, पण पाठ्यपुस्तकातील त्या इंग्रजी 'एस'सारख्या वक्राचा वरचा भाग जवळजवळ सपाट असल्याने हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजी सोडत नाही. शिवाय फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतोच. (दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना यातून वगळावे.)

मग तीन मिनिटे पायरीवर चढउतार करवून दर अर्ध्या मिनिटाला नाडीचे ठोके नोंदवावेत, आलेखकागदावर मांडावेत. खेळाडू मुलीचा वक्र लवकर खाली येतो का, हे वर्गानेच पाहावे.

गुणदानाची पद्धतही बदलायला हवी. '९८' लिहिले की पूर्ण गुण, असा हिशेब राहिला तर मुले यंत्रात बोट न घालताही ९८ लिहितील.