शुद्ध हात, अशुद्ध माणूस

घरात ठेवायच्या कोरीव लाकडी देवमूर्तींविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, हस्तकला प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत या लेखनाचा एक साचाच ठरून गेला आहे. लाकडाचा पोत, छिन्नीची नजाकत, मुद्रेवरची प्रसन्नता, पिढ्यान्‌पिढ्यांची साधना आणि शेवटी ‘आपली परंपरा’. या ‘आपली’ शब्दाशी मी थांबतो. हे आपण कोण? मूर्ती कोरणारा त्यात आहे काय? झाड तोडणारा, ओंडका वाहणारा आहे काय? ज्याला त्या मूर्तीच्या वाऱ्यालाही शतकानुशतके उभे राहू दिले नाही, तो आहे काय?

आपल्या चळवळीतले लोक या विषयाकडे सहसा वळत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि देवांचा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघाला, अशी आपली भूमिका असते. श्रद्धेपुरती ती बरोबरच आहे. परंतु मूर्ती ही श्रद्धेची वस्तू होण्याआधी श्रमाची वस्तू असते. तिच्यात कोणाचा तरी दिवस, कोणाचा तरी खांदा, कोणाची तरी नजर खर्ची पडलेली असते. देव नाकारण्याचे अवघड काम आपल्या आजोबांच्या पिढीने केले. देव घडवणारी व्यवस्था वाचण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि ते आपण अद्याप नीट हाती घेतलेले नाही.

१

सुरुवात लाकडापासूनच करू. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या सहाव्या शतकातल्या ग्रंथात मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसे जावे याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात झाडांची वर्णवार वाटणी केलेली आहे. देवदार, चंदन, शमी आणि मोह ही झाडे ब्राह्मणांच्या मूर्तीसाठी. पिंपळ, खैर, बेल ही क्षत्रियांसाठी. वैश्यांसाठी पुन्हा खैर आणि आणखी काही झाडे. टेंभुर्णी, अर्जुन, आंबा, साल ही शूद्रांसाठी. ज्या मोहावर आदिवासींचे अर्धे वर्ष निघते तो ब्राह्मणांच्या यादीत जातो आणि सर्वांच्या तोंडाला गोड लागणारा आंबा शूद्रांच्या यादीत पडतो. माणसांची उतरंड रचून ज्यांचे समाधान झाले नाही त्यांनी रानसुद्धा वर्णांत वाटून टाकले.

या यादीत पाचवा रकाना नाही. ज्यांना गावाबाहेर ठेवले त्यांच्यासाठी कोणतेच झाड नेमलेले नाही. त्याच प्रकरणात मूर्तीला वर्ज्य झाडेही सांगितली आहेत. स्मशानात वाढलेले झाड त्यांत येते. महाराष्ट्राच्या गावगाड्यात सरणाची लाकडे वाहणे हे महाराचे काम होते. म्हणजे मूर्तीचे लाकूड एका यादीत आणि आमच्या वाट्याचे लाकूड दुसऱ्या यादीत, असा हा सरळ हिशेब आहे.

झाड तोडण्यापूर्वी रात्री त्याची पूजा करायची, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना बळी द्यायचा, त्यांनी दुसरीकडे राहायला जावे आणि क्षमा करावी अशी विनवणी करायची, असाही विधी तेथे आहे. काव्यात्म वाटावा असा हा विधी आहे, आणि कलासमीक्षक त्याचे कौतुकही करतील. मला त्यात एवढेच दिसते की झाडावरच्या भुताला विनवणी आहे. झाडाखाली कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या माणसाविषयी मात्र अवाक्षर नाही.

२

आता हाताकडे येऊ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्यात कारागिराविषयी दोन विधाने आहेत. पाचव्या अध्यायात म्हटले आहे की कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो. चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये अशांची यादी आहे आणि तीत चोर, गवई, सावकार यांच्या पंक्तीत सुतार बसवला आहे.

ही दोन विधाने शेजारीशेजारी ठेवून वाचली म्हणजे लाकडी मूर्तीचे सगळे समाजशास्त्र उलगडते. त्याचा हात शुद्ध, कारण त्या हाताचे काम हवे आहे. त्याचे अन्न अशुद्ध, कारण त्याच्याशी नाते नको आहे. हात मनगटापासून वेगळा काढून घेतला आणि माणूस दाराबाहेर ठेवला. जातीने कामे वाटली एवढ्यावर भागले नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात दाखवून दिले होते. येथे तर एकाच माणसाचे दोन तुकडे केलेले दिसतात.

मूर्ती पुरी झाली की प्राणप्रतिष्ठा होते. कारागिराने महिनाभर मांडीवर घेऊन घडवलेल्या लाकडात पुरोहित तासाभरात प्राण घालतो. प्राण कोणी घातला, या प्रश्नाचे उत्तर पुरोहिताच्या नावावर लागते. आकार कोणी दिला, हा प्रश्नच विचारला जात नाही.

व्याकरणसुद्धा यातून सुटलेले नाही. पाणिनीचा एक नियम आहे. विकायची शिवमूर्ती असेल तर तिला ‘शिवक’ म्हणायचे. पण जी विकायची नाही, जिच्यावर एखाद्याची उपजीविका चालते, ती मात्र नुसती ‘शिव’. पोट दोघांचेही देवावरच भरते. परंतु देव विकणाऱ्याच्या देवाला हलकेपणाचा प्रत्यय चिकटतो आणि देव दाखवून दक्षिणा घेणाऱ्याच्या देवाचा प्रत्यय गळून पडतो.

३

आजच्या बाजाराने या व्यवस्थेला नवे नाव दिले: ‘हस्तनिर्मित’. मूर्तीच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर हा शब्द असतो, लाकडाची जात असते, किंमत असते. कारागिराचे नाव क्वचितच असते. मनूच्या शुद्ध हाताचेच हे नवे रूप आहे. हाताची किंमत वाढली, माणूस अजून बाहेरच आहे.

लाकूड येते कोठून, हेही ही चिठ्ठी सांगत नाही. तिरुपतीच्या परिसरात रक्तचंदनाच्या देवमूर्ती आणि बाहुल्या कोरण्याची जुनी परंपरा आहे. हे झाड पूर्व घाटाच्या दक्षिण भागात, शेषाचलमच्या डोंगरांत वाढते. त्याच डोंगरांत ७ एप्रिल २०१५ रोजी आंध्र प्रदेश पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूतून आलेले २० मजूर ठार झाले. ते रक्तचंदनाची झाडे तोडत होते आणि त्यांनी हल्ला केला म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा. ही बनावट चकमक आहे, असा मानवी हक्क संघटनांचा आरोप. चोरटे रक्तचंदन मुख्यतः परदेशात जाते, घरगुती मूर्तींसाठी नव्हे, हे मान्य. तरीही एकाच झाडाच्या एका टोकाला अभिरुचीची चर्चा आणि दुसऱ्या टोकाला मजुरीसाठी आलेल्यांची प्रेते असतील, तर केवळ पहिल्या टोकाविषयी लिहिणाऱ्या समीक्षेला मी अर्धी समीक्षा म्हणेन.

४

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण पुरीचे आहे. यात्रेकरू पुरीहून जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रेच्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती घरी आणतात. मंदिरातल्या मूळ मूर्तीही कडुनिंबाच्या लाकडाच्या असतात आणि ठराविक वर्षांनी त्या नव्याने घडवल्या जातात. १९७७, १९९६ आणि २०१५ साली हा ‘नवकलेवर’ विधी झाला. त्यासाठी निवडायचे झाड स्मशानाजवळ असावे, त्याच्या बुंध्याशी वारूळ असावे, अशी तेथली परंपरा मानते. वराहमिहिराने स्मशानातले आणि वारुळाजवळचे झाड टाळायला सांगितले होते. मग पुरीची परंपरा नेमकी उलटी का? उत्तर पुरीच्याच कथेत आहे. हा देव मूळचा रानातला, शबरांचा प्रमुख विश्वावसू त्याची गुप्तपणे पूजा करीत असे. राजाने पाठवलेल्या ब्राह्मणाने त्याच्या मुलीशी लग्न करून देवाचा ठावठिकाणा काढून घेतला. पुढे मूर्ती घडवायला आलेल्या वृद्ध सुताराने बंद दाराआड काम सुरू केले, राजाला धीर धरवला नाही, दार मुदतीपूर्वी उघडले गेले आणि सुतार नाहीसा झाला. मूर्ती तशाच, अपुऱ्या हातांच्या राहिल्या.

या कथेत शबराचा देव जातो आणि सुतार स्वतःच जातो. राहतात ते राजा आणि पुरोहित. विश्वावसूच्या मुलीचे वंशज मानले जाणारे दैतापती आजही आहेत; जुनी मूर्ती पुरताना ते घरचे माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. देवाचे सोयरे म्हणून सुतक त्यांचे, पण वर्षभराच्या मुख्य पूजेचा अधिकार ब्राह्मणांचा. यांची सेवा स्नानयात्रेपासून रथयात्रेपर्यंतच्या दिवसांपुरती. ज्यांचा देव, त्यांना दुःखाचा वाटा तेवढा मिळाला. १९३४ मध्ये गांधींनी पुरीहून अस्पृश्यतानिवारणाची पदयात्रा सुरू केली, तेव्हा या जगन्नाथाचे दार अस्पृश्यांना बंद होते.

५

मूर्ती पाहताना आणखी एका ठिकाणी नजर नेली पाहिजे, ती म्हणजे देवाच्या पायाखाली. दुर्गेच्या पायाशी महिष असतो, नटराजाच्या पायाखाली अपस्मार नावाचा बुटका, वामनाच्या पायाखाली बळी. शिकवलेली अभिरुची देवाच्या मुद्रेवर खिळते. पायाखालचा माणूस तिला रचनेचा तोल सांभाळणारी आकृती वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या बाजूने, हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या. बळीला त्यांनी आपला राजा म्हटले. मूर्तिसमीक्षेने हा धडा अजून गिरवलेला नाही. दिवाणखान्यातल्या दशावताराच्या कोरीव फळीसमोर उभे राहून ‘यात कोण दबले आहे?’ असे विचारणे ही रसभंगाची कृती नाही. ती रसग्रहणाची पहिली पायरी आहे.

६

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. माझे वडील लाकडाच्या वखारीत हमाल होते. सागाचे ओंडके वाहून त्यांच्या उजव्या खांद्याला पडलेला घट्टा मी लहानपणी बोटाने चाचपून पाहत असे. त्या ओंडक्यांतून कोणाच्या घरचे देव्हारे झाले हे त्यांना ठाऊक नव्हते. कोरीव मूर्ती आमच्याकडे १९५६ पूर्वीही नव्हती. होते ते शेंदूर फासलेले दगड आणि दोन टाक, आणि ते आजोबांनी टोपलीत घालून नदीत सोडले. गावात मरिआईवाले येत. बाईच्या डोक्यावर लाकडी देव्हारा, पुरुषाच्या हातात आसूड. त्या देवीला हिंडायला जे लाकूड मिळाले तेही एका भुकेल्या बाईच्या डोक्यावर होते.

माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. त्याच्या वडिलांनी कोरलेला देव्हारा आणि गणपती एका नव्या घरात बसवला गेला. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांना पडवीत वेगळे पान वाढले. हे सांगून तो थोडा थांबला आणि म्हणाला, “पण सर, खरे सांगायचे तर आमचे बाबा तुमच्या वस्तीत पाणी पीत नाहीत.”

या मुलाच्या वाक्यात क्रमिक विषमतेचा सगळा सिद्धान्त आहे. पडवीत बसवलेला माणूस आपल्याहून खाली कोणीतरी आहे या समाधानावर अपमान गिळतो, आणि म्हणून हात व खांदा एकत्र येत नाहीत. विश्वकर्म्याचे वंशज म्हणवून वरची पायरी मागण्याने सुताराची पडवी सुटणार नाही. पायऱ्याच मोडायला हव्यात, हे त्याला सांगणे आपले काम आहे. त्यासाठी आधी त्याच्या श्रमाकडे आपण आदराने पाहिले पाहिजे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही. आता आपल्या वस्त्यांतील घरांत कोरीव लाकडी बुद्धमूर्ती दिसू लागल्या आहेत. त्या विकत घेताना कोरणाऱ्याचे नाव आपण विचारतो काय? त्याला मजुरी किती मिळाली हे विचारतो काय? विचारत नसू, तर आपण देव बदलला, पण हाताकडे पाहण्याची मनूची नजर तशीच ठेवली. बुद्धमूर्ती ही पूजेची वस्तू नसून आदर्शाची आठवण आहे असे आपण म्हणतो. मग ती घडवणारा माणूस त्या आदर्शाच्या बाहेर कसा राहील?

शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी कोणत्याही कोरीव मूर्तीसमोर तीन प्रश्न विचारावेत: लाकूड कोणी वाहिले, कोरले कोणी, आणि त्या दोघांना या घरात कोठे बसवले जाते? सौंदर्याची चर्चा त्यानंतर अवश्य करू.