मेघनाद साहा आणि संशोधनाचे गावकूस

विज्ञानाला जात नसते, हे वाक्य आपल्या विद्वत्सभांतून फार सहज उच्चारले जाते. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस आहे. अणूला जात नसते, हे मला कोणी सांगायला नको. परंतु अणूचा अभ्यास करणाऱ्या संस्था आकाशात तरंगत नाहीत. त्यांना दार असते, दारात उभा राहणारा असतो आणि आत कोणाला घ्यायचे याचे नियम असतात. हे नियम वाचणे हीसुद्धा समीक्षाच आहे. कविता, आत्मकथने, कादंबऱ्या यांची समीक्षा आपण हिरिरीने केली. विज्ञानधोरणाची संहिता मात्र वाचायचीच राहिली.

गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला साहा समीकरण शिकवत होतो. तास संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, हे साहा कोण?" मी छापील उत्तर दिले. बंगालमधल्या गरीब दुकानदाराचा मुलगा, कष्टाने शिकला, मोठा झाला. मुलगा मान हलवून गेला. मला मात्र त्या उत्तराची लाज वाटत राहिली. आपल्याकडे शास्त्रज्ञांची चरित्रे अशीच लिहिली जातात. गरिबी सांगतात, जात गाळतात. गरिबी सांगितली की नायक मोठा होतो आणि समाज निर्दोष सुटतो. जात सांगितली की समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

मेघनाद साहा १८९३ साली ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मले. शाळा दूर होती. एका डॉक्टरने त्यांना घरी ठेवून घेतले, परंतु आपली ताटवाटी आपणच धुवायची, ही अट होती. १९०५ साली ढाक्यात गव्हर्नरविरुद्धच्या निषेधात भाग घेतला म्हणून शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेली. पुढे १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तेथल्या हिंदू वसतिगृहातील मुलांनी त्यांच्याबरोबर एका दालनात जेवायला नकार दिला. याच माणसाने १९२० साली ताऱ्यांच्या प्रकाशातून ताऱ्यांचे तापमान आणि घटना वाचण्याची किल्ली जगाला दिली. ताऱ्यांपर्यंत पोचायला त्याला जात आड आली नाही. वसतिगृहाच्या पंगतीपर्यंत पोचायला आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साहा अस्पृश्य नव्हते. ते हीन मानल्या गेलेल्या व्यापारी जातीतले होते. आपले सगळे दुःख त्यांच्या नावावर चढवण्याचे कारण नाही. आभा सूर यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात साहांची जात आणि त्यांचे विज्ञान एकत्र ठेवून पाहिले आहे. आपल्या मराठी चरित्रकारांना हे का जमू नये?

परंतु साहांची दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ती आहे संशोधन कोठे व्हावे या वादाची. साहांचा आग्रह असा की संशोधन विद्यापीठांत व्हावे. जेथे शिकवले जाते तेथेच नवे ज्ञान निर्माण झाले पाहिजे. होमी भाभांचा मार्ग निराळा होता. १९४५ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ साली अणुऊर्जा आयोग आला, १९५४ साली स्वतंत्र खाते झाले. १९५२ साली अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आलेल्या साहांनी १९५४ साली अणुऊर्जेवर सभागृहात चर्चा घडवून आणली आणि तिथल्या गुप्ततेवर टीका केली. त्यांचे कोणी ऐकले नाही. भाभांचा मार्ग जिंकला. या संस्थांनी मोठे काम केले, हे नाकारण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न त्या मार्गाची किंमत कोणी मोजली, हा आहे.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. १९५० साली औरंगाबादेत, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय काढले. त्याच १९५० च्या जानेवारीत पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. म्हणजे आपली मुले महाविद्यालयाच्या दारात पोचली, त्याच सुमारास संशोधन त्या दारातून निघून वेगळ्या आवारात राहायला गेले. हे कोणी कट करून घडवले, असे मी म्हणत नाही. पण आपल्या समाजात भेद चालू राहायला कटाची गरज कधीच लागलेली नाही. वहिवाट पुरते.

आज परिस्थिती काय आहे? सरकारच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ साली देशाचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. त्यातही उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा ८.८ टक्के. माझ्यासारख्या हजारो शिक्षकांची महाविद्यालये या वाट्याच्या अगदी काठावर कोठेतरी बसतात. मुले येथे शिकतात, ज्ञान तेथे निर्माण होते. मध्ये गावकूस.

आणि या गावकुसाला कायद्याचे दगड लावलेले आहेत. १९७५ साली केंद्र सरकारने आदेश काढला. संशोधन करणाऱ्या, संशोधनाला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक व तांत्रिक जागा, पहिल्या वर्गाच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर, आरक्षणातून वगळता येतील, असे त्यात ठरले. विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी २००६ चा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात 'उत्कृष्ट संस्था, संशोधन संस्था, राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या संस्था' यांची यादी जोडून त्यांना सूट देण्यात आली. शिक्षकांसाठी २०१९ चा कायदा झाला, त्याच्याही चौथ्या कलमात तशीच सूट. यादीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था व तिची दहा घटक केंद्रे आहेत. त्या दहांत एक नाव आहे साहा अणुभौतिकी संस्थेचे! साहांनी जी संस्था कलकत्ता विद्यापीठाच्या कुशीत उभी केली, ज्या माणसाला पंगतीतून उठवले गेले, त्याच्याच नावाची संस्था आरक्षणाच्या पंगतीतून वगळलेली आहे. २०२० साली तर आयआयटींनाही शिक्षकभरतीत अशीच सूट द्यावी, अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या समितीने केली होती.

यावर उत्तर ठरलेले आहे: येथे फक्त गुणवत्ता पाहिली जाते, दलितांना कोणी बंदी केलेली नाही. बंदी नाही, हे खरे. बंधनही नाही, हेही तेवढेच खरे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, त्या घरावर बंधन न घालणे म्हणजे जुनी वहिवाट चालू ठेवणे. शिवाय गुणवत्ता मोजणारा गुणवत्तेचा अर्थ स्वतःच ठरवतो. मी एकदा एका संशोधन संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा नव्हता. "हे कॉलेज कुठे आले?" हा होता. गावाचे नाव सांगितले तेव्हा समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. पुढचे प्रश्न मला आजही आठवत नाहीत.

आत कोण आहे, यावर विज्ञानाचे प्रश्न ठरतात. किपच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हुंगला आहे. हायड्रोजन सल्फाइड. त्याचे प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, हेही पुस्तकात असते. हाच वायू गटारात उतरलेल्या माणसाला मारतो. २०१३ साली कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. मेलेल्या माणसाची किंमत वाढली, माणूस उतरायचा थांबला नाही. गटारात माणूस उतरू नये, हा आपल्या प्रयोगशाळांना पहिल्या प्रतीचा प्रश्न का वाटला नाही? ज्यांच्या घरातला कोणी गटारात उतरत नाही, त्यांना हा प्रश्न विज्ञानाचा न वाटता नगरपालिकेचा वाटतो.

हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला हा तरुण संशोधक होता. विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे त्याने मनाशी धरले होते. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची शिष्यवृत्ती थकलेली होती. त्याच्या मृत्यूवर आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. पण विज्ञानाने एक लेखक गमावला, असे कोणत्या विज्ञानसंस्थेने म्हटले?

२०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत संशोधन रुजवण्याचे त्यात अभिवचन आहे. साहांचे म्हणणे इतक्या वर्षांनी सरकारच्या तोंडी आले, याचे मी स्वागत करतो. पण पाच वर्षांच्या पन्नास हजार कोटींपैकी सुमारे छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. उद्योगपती गटाराच्या प्रश्नाला पैसे देईल काय? आणि जी योजना निघाली तिच्यात क्रमवारीत वर असलेली संस्था मध्ये आणि विद्यापीठे तिच्या भोवती, चाकाच्या आऱ्यांसारखी. आरे चाकाला आधार देतात, पण चाक कोणीकडे वळवायचे ते आऱ्यांना विचारत नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. चौथ्या कलमाची ही यादी आणि १९७५ ची सूट रद्द करा. प्रत्येक संशोधन संस्थेने शिक्षक व विद्यार्थी यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी स्वतःहून प्रसिद्ध करावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती उपसावी लागू नये. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. मोजमापाला घाबरणाऱ्या संस्थांना ते लागू नाही काय? शिष्यवृत्ती दरमहा मिळावी. आणि निधी थेट महाविद्यालयांपर्यंत यावा, मधल्या पाटलाच्या हातून नव्हे.

त्या मुलाला मी नंतर बोलावून घेतले आणि साहांची उरलेली गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग त्या संस्थेत मला अर्ज करता येईल का?" अर्ज करता येईल, असे मी म्हणालो. उत्तर खरे होते. पुरेसे नव्हते. ते पुरेसे करणे हे आता त्या मुलाचे काम नाही, आपले आहे.