सुरक्षा यंत्रात नाही, जोडणीत असते

तत्त्वज्ञानाच्या माणसाने आज वायरिंगवर का बोलावे? कारण साधे आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. मळीपासून इथेनॉल जिथे काढतात, तिथे टाकीची पातळी मोजणारे विजेचे यंत्र लागतेच. हवेत इथेनॉलची वाफ साधारण 3.3 ते 19 टक्के असली की एक ठिणगी पुरते. आणि तिथे वायर जोडायला बहुधा कंत्राटावरचा पोरगा जातो. चूक कुणाचीही असो, भोगतो तो.

अशा जागी दोन मार्ग नेहमी दिसतात. फ्लेमप्रूफ पेटीत आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर येत नाही. दुसरा मार्ग 'आय.एस.', म्हणजे 'अंगभूत सुरक्षित'. यात वाफ पेटेल एवढी ऊर्जाच तारेतून जाऊ देत नाहीत. कल्पना उत्तम आहे. आमचा आक्षेप आहे 'अंगभूत' या शब्दाला.

वैशेषिक दर्शनात घटाचा रंग घटातच राहतो. संयोग हाही गुणच, पण तो एकट्या द्रव्यात राहत नाही. दोघांत मिळून राहतो आणि विभाग झाला की संपतो. आय.एस. सुरक्षा रंगासारखी नाही, संयोगासारखी आहे.

कशी ते बघा. सुरक्षित खोलीतल्या पॅनेलमध्ये झेनर बॅरियर असतो. नेहमीचा एक बॅरियर 28 व्होल्ट, 300 ओहमचा. पॅनेलमध्ये बिघाड झाला तरी पुढे 93 मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही. टाकीवरचे यंत्र एवढ्यासाठी मंजूर हवे. यंत्र आणि केबल यांचा मिळून कपॅसिटन्स, इंडक्टन्स बॅरियरच्या मर्यादेत हवा. बॅरियरचे अर्थिंग 1 ओहमच्या आत हवे. आता कुणी केबल फार लांबवली, बॅरियर दुसराच बसवला, अर्थिंग सुटले. यंत्र तेच, स्टिकर तेच. सुरक्षेचा भरवसा मात्र गेला.

हा धडा जुना आहे. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधल्या सेंगेनिड कोळसा खाणीत स्फोट होऊन 439 खाणकामगार गेले. संशय घंटेच्या तारांच्या ठिणगीवर होता. बॅटरी लहान, मग धोका कसला, असा तेव्हाचा समज. पुढे प्रयोगांतून कळले की घंटेच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा तार तुटताना ठिणगीत उतरते. बॅटरी निर्दोष, घंटा निर्दोष, दोष जोडणीत.

म्हणून आमची टीका प्रमाणपत्रावर नाही, ते फाइलला लावून निर्धास्त होण्यावर आहे. धोक्याच्या जागच्या विद्युत यंत्रांना मान्यता देणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात आहे. ती मान्यता हवीच. पण मान्यता यंत्राला मिळते, जोडणी माणूस करतो.

कुणी म्हणेल, हिशेब इंजिनिअर करतो, वायरमनला त्याचे काय? अहो, रात्रपाळीत बिघडलेला बॅरियर बदलतो कोण? त्या पॅनेलच्या दारावर कोणता बॅरियर, कोणते यंत्र, केबल किती लांब, हे मराठीत लिहिलेले असावे. आणि त्यात बदल करण्याआधी कुणाला विचारायचे तेही. एवढा एक कागद नसेल, तर 'अंगभूत' हा शब्द त्या पोराची फसवणूक करतो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.