पुदिन्याने पुसलेलं मेज

रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’ या काव्याच्या आठव्या सर्गात बॉकिस आणि फिलेमॉन हे गरीब म्हातारं जोडपं भेटतं. दोन वाटसरूंना हजार घरांनी दारं बंद केलेली असतात. यांची झोपडी तेवढी उघडते. ते दोघे वेष पालटलेले देव आहेत, ज्युपिटर आणि मर्क्युरी. पुढे पूर येतो, झोपडीचं देऊळ होतं, म्हातारा-म्हातारीची शेजारी शेजारी दोन झाडं होतात. चमत्कार काही कमी नाहीत. मी मात्र दर वेळी थांबते ती एका अगदी घरगुती जागी.

थरथरत्या हातांची बॉकिस ओचा खोचून मेज मांडते. त्याचा तिसरा पाय आखूड. ती खाली खापरीचा तुकडा सरकवते, डुगडुगणं थांबतं, आणि मग ती हिरव्यागार पुदिन्याने मेज पुसून घेते. त्यानंतरच पानं वाढली जातात.

म्हातारीच्या मनात काय चाललंय, हे कवी सांगत नाही. तिचे हात काय करतात तेवढं दाखवतो. खापरीतून घरची गरिबी कळते, पुदिन्यातून पाहुण्यांविषयीचा आदर. पुसायला फडकंही चाललं असतं. पण ज्या घरात चांदीची ताटं नाहीत, तिथे सुगंध तरी मांडता येतो. ‘हिरवा’ हे विशेषणही किती नेमकं! पानं वाळवणाची नाहीत, आत्ता खुडलेली आहेत. थोडं आधी फिलेमॉनने पाणी घातलेल्या बागेतून भाजी आणलेली असते. पुदिनाही तिथलाच, असं मी मनाशी धरते.

या जागेची खरी गंमत अशी, की तिथे वासाचा उल्लेखच नाही. तो वाचणाऱ्याने घ्यायचा. पुदिन्याच्या पानावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पान चोळलं की त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. खरखरीत लाकडावर पानं घासली गेली, एवढंच कवी सांगतो आणि झोपडी दरवळून जाते.

घरी पुदिना लावल्यापासून ही जागा मला बोटांनी कळू लागली. माझ्या खिडकीत चार कुंड्या आहेत. बाजारात जुडीने मिळतो तो आपला पुदिना. जिभेला गार करणारा पेपरमिंट. संत्र्याच्या सालीची आठवण देणारा ऑरेंज मिंट. आणि मऊ लव असलेल्या पानांचा ॲपल मिंट. प्रत्येकाला वेगळी, पसरट कुंडी लागते, कारण धावती खोडं शेजाऱ्याची जागा बघता बघता बळकावतात. सकाळचं ऊन, दुपारची सावली, माती ओलसर पण पाणी न साचलेली, एवढ्यावर ती खूश असतात.

पेपरमिंट हा संकर आहे, त्याला रुजणारं बी धरत नाही. चार बोटं लांबीची काडी खुडायची, खालची पानं काढायची आणि पाण्यात ठेवायची. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. म्हणजे पेपरमिंटचं घरोघरचं रोप कुणीतरी कुणाला दिलेल्या काडीतूनच आलेलं असतं. आणि शेंडा जिथे खुडला, तिथल्या पानांच्या जोडीच्या बेचक्यांतून दोन नवे फुटवे येतात. न खुडलेलं रोप उंच, किडकिडीत होतं. मागेल त्याला देत राहावं, तसं ते भरत जातं.

ओव्हिडच्या कथेत पाहुण्यांना मद्य वाढता वाढता भांडं आपोआप भरत राहतं आणि म्हातारा-म्हातारीला कळतं, की हे साधे वाटसरू नाहीत. पण तो चमत्कार होण्याआधीच बॉकिसच्या हातात पुदिना होता. दिल्याने भरून येणारी वस्तू तिच्या परसात आधीपासून वाढत होती.