तीन चुकांचा हिशेब

एटीएमवर पिन तीनदा चुकला की कार्ड बंद. समजा, हा प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, कागदपत्रं कधी नव्हतीच, आणि हाताशी फक्त लॉग आहे: चूक, चूक, चूक, कार्ड बंद. एवढ्यावरून प्रोग्रॅम कसा वागतो त्याचा आराखडा काढायचा.

बिअरमन आणि फेल्डमन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ‘के-टेल्स’ पद्धत या कामाची बाराखडी मानली जाते. ज्या दोन क्षणांनंतर पुढच्या ‘के’ घटना सारख्याच घडतात, ते दोन्ही क्षण म्हणजे एकच स्थिती, असं ती धरून चालते. के म्हणजे १ धरू. सुरुवातीला, पहिल्या चुकीनंतर आणि दुसरीनंतरही पुढे ‘चूक’च येते, म्हणून तिन्ही स्थिती एक होतात. आराखड्यात स्वतःकडेच वळणारा एक बाण उरतो, आणि त्यानुसार कार्ड पहिल्या चुकीला बंद होईल किंवा शंभराव्या. हवा होता तो तीनचा आकडाच पुसला गेला!

दोष एकट्या पद्धतीचा नाही. नुसत्या घडलेल्या उदाहरणांवरून असा आराखडा हमखास ओळखता येत नाही, हे मार्क गोल्ड यांनी १९६७ मध्येच सिद्ध केलं होतं. काय घडलं ते लॉग सांगतो. घडताना प्रोग्रॅमच्या मनात काय होतं, ते सांगत नाही.

दुआर्ते, क्रेमर आणि उचितेल यांनी नेमकी हीच उणीव हेरली. जावा कोडमध्ये नोंदी घेणाऱ्या ओळी पेरायच्या आणि घटनेबरोबरच तिचा संदर्भही टिपायचा: कोणती अट तपासली, ती खरी ठरली की खोटी, निवडक व्हेरिएबल्समध्ये तेव्हा काय होतं. ‘चुका’ या व्हेरिएबलची किंमत सोबत आली की ०, १, २, ३ अशा चारही स्थिती सुट्या होतात.

सगळी मेख त्या ‘निवडक’मध्ये आहे. खात्यातली शिल्लक संदर्भात घेतली, तर रुपयागणिक नवी स्थिती उभी राहते आणि आराखडा लॉगइतकाच अगम्य होतो. त्यांचा २०१७ चा निबंधही आराखडे बरोबर असल्याचा दावा ठरावीक अमूर्ततेच्या पातळीपुरता आणि हाती असलेल्या नोंदींपुरताच करतो. हा प्रामाणिकपणा मान्य. पण ती पातळी ठरवायची कोणी? प्रोग्रॅम आतून जाणणाऱ्याने. त्याला आराखड्याची गरज सगळ्यांत कमी!

संदर्भाशिवायही काम भागतं, पण ठरावीक ठिकाणीच. २०१५ मध्ये डी रायटर आणि पोल यांनी इंटरनेटवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या टीएलएसच्या नऊ अंमलबजावण्या बाहेरूनच संदेश पाठवून तपासल्या, त्यांचे आराखडे काढले आणि त्यांपैकी तीन अंमलबजावण्यांमध्ये सुरक्षेच्या नव्या चुका पकडल्या. जावाच्या लायब्ररीत तर एक पायरी गाळली की मजकूर उघडाच जाऊ शकत होता. तिथे पायऱ्या मोजक्या होत्या आणि कोणती गाळली ते उत्तरांवरूनच कळत होतं.