मुंबईच्या स्थलनामांतील सामान्यपदे : शेपर्ड यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

सॅम्युअल शेपर्ड यांचा मुंबईतील स्थलनामांचा व रस्त्यांच्या नावांचा इंग्रजी ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी या विषयावर लिहू पाहणाऱ्यास आजही प्रथम त्याच्याकडेच जावे लागते. हे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप मांडावयाचा आहे.

आक्षेप पद्धतीविषयी आहे. वर्णानुक्रमाने रचलेल्या या ग्रंथात, आणि त्याच्या वळणावर गेलेल्या पुढील लेखनातही, प्रत्येक नावास एकच प्रश्न विचारला जातो : हे कोणाचे वा कशाचे नाव? शोध होतो तो विशेषपदाचा. वाडी, भाट, चाळ, कॉलनी ही सामान्यपदे गृहीत धरून सोडली जातात. नगराची घडण मात्र या उपेक्षित भागातच अधिक विश्वासाने नोंदली गेली आहे, असे आम्हांस वाटते. विशेषपद एका ठरावाने बदलता येते. सामान्यपद बदलावयाचे तर बहुधा जमिनीवरील हक्कच बदलावा लागतो.

गिरगावचे उदाहरण घ्यावे. गिरि आणि ग्राम अशी त्याची व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. तीवरून तेथील गल्ल्या अरुंद का, याचा काहीच बोध होत नाही. खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे तो करून देतात. वाडी काय किंवा कोकणी वळणाचे भाट काय, दोन्ही मूळचे बागायती जमिनीचे वाचक. बागायत गेली, घरे व चाळी उभ्या राहिल्या, परंतु खाजगी धारणांच्या सीमा राहिल्या. बांधांमधून जी वाट होती तीच गल्ली झाली. खोताची वाडी या नावात तर महसूलव्यवस्थेतील अधिकारपदच गोठलेले आहे.

'चाळ' या शब्दाशी मात्र जपून वागले पाहिजे. पायात बांधावयाचे घुंगरांचे चाळ आणि खोल्यांची रांग यांचे साम्य मोहात पाडणारे आहे. पण एक शब्द पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, आणि साम्य हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा इतिहास अधिक सांगतो. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणीचा उपक्रम आरंभिला. पुढे परळ-लालबाग भागात गिरण्या व चाळी दाटल्या. ज्या परळास गव्हर्नरांचे निवासस्थान होते, तेथेच १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून 'कॉलनी' हे नवे सामान्यपद मराठीत रुळले : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. आखीव भूखंड, रुंद रस्ते आणि जातिधर्माची निवड, हे सर्व त्या एका शब्दात आहे. कामगारांच्या वाट्यास १९२० च्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची चाळ आली. खात्याची आद्याक्षरेच, बी. डी. डी., लोकांच्या तोंडी स्थलनाम झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांत वाटावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जागेपुरती राहिली, व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. तेथे टॉवर उभे राहिले. लोअर परळला 'अपर वरळी' म्हणण्याचा जाहिरातदारांचा उद्योग त्यातलाच. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी झाले, तेव्हा त्याची वार्ता सर्वत्र झाली. 'मिल' हे सामान्यपद भोवतालच्या नावांतून गळाले, याची वार्ता झाली नाही. सेनापती बापट मार्गावरील फिनिक्स मिलच्या जागी जो बाजार आहे, त्याने 'फिनिक्स' तेवढे ठेविले. कंपनीच्या नोंदणीकृत नावात मात्र 'मिल्स' अद्याप आहे.